इंजिन बांधून झालं. आता पहिले हजार किलोमीटर

इंजिन बांधून गाडीत बसलं की हात शिवशिवायला लागतात. कितीतरी दिवस गाडी ठोकळ्यांवर उभी असते, नखांतलं ग्रीस निघता निघत नाही, आणि आता फक्त किल्ली फिरवायची बाकी असते. इथे माणसं आधी घाई करतात आणि मग दुसऱ्या टोकाला जाऊन इंजिनाचे लाड करतात. तासभर आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, सोडून द्यायचं, पुढे महिनाभर चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. माझं पहिलं इंजिन मी असंच लाडाने बिघडवलं. कार्ब्युरेटर नीट लागेना म्हणून ते पाऊण तास संथ चालत ठेवलं, नंतर जपून जपून चालवलं, आणि दर पाचशे किलोमीटरला लिटरभर तेल पिणारं इंजिन पदरात पडलं. पुन्हा उघडलं तर सिलिंडर आरशासारखे चकचकीत! पाहणाऱ्याला वाटावं, काय छान काम आहे. प्रत्यक्षात त्या चकाकीनेच सगळं घालवलं होतं.

रिंगा ‘बसतात’ म्हणजे काय होतं

सिलिंडर बोअर करून (आतून कापून) झाला की शेवटी त्याची भिंत बारीक दगडांनी घासतात, त्याला होनिंग म्हणतात. टॉर्च तिरका धरून आत पाहिलंत तर भिंतीवर बारीक तिरक्या रेघांची जाळी दिसते. नखाने हलकं ओढून पाहिलं तर किंचित खरखर लागते. त्या रेघांच्या खाचांत तेल राहतं आणि खाचांच्या मधल्या टोकांवर नवी रिंग, म्हणजे पिस्टनभोवतीचं कडं, घासते. रन-इन म्हणजे ही टोकं रिंगेने झिजवायची, रिंगेची कडही थोडी झिजायची, आणि दोघांची जोडी जुळायची. टोकं गेली, खाचा शिल्लक राहिल्या, की काम फत्ते.

आता रिंग भिंतीला टेकते कशाने? तिचा स्वतःचा ताण असतोच, पण खरा जोर येतो जळलेल्या वायूचा. तो वायू वरच्या रिंगेच्या मागच्या बाजूला शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. ॲक्सिलरेटर जितका दाबाल तितका हा जोर वाढतो. आयडलला तो अगदीच नगण्य. मग रिंग तेलावर नुसती सरकत राहते, टोकं तशीच राहतात, आणि भिंतीवर उरलेलं तेल भाजून त्याचा कडक गुळगुळीत थर चढतो. याला ग्लेझिंग म्हणतात. खाचा या थराने भरल्या की इंजिन खोलून पुन्हा होनिंग आणि नव्या रिंगा, बहुतेक वेळा दुसरा इलाज नसतो.

बेअरिंग आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचं मात्र वेगळं आहे. त्यांना जोर नको, त्यांना पहिल्या सेकंदापासून स्वच्छ तेल हवं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: नव्या इंजिनाला भार द्या, फेरे देऊ नका. म्हणजे ॲक्सिलरेटर मोकळेपणाने दाबा, पण आरपीएमचा काटा वर चढवू नका.

किल्लीला हात लावण्याआधी

ज्याने मशीनिंग केलं, इंजिन बांधलं, त्याला तीन गोष्टी विचारून घ्या. रिंगा कसल्या आहेत? साध्या बिडाच्या रिंगा लवकर बसतात, मॉलिब्डेनमच्याही फार वेळ घेत नाहीत, क्रोमच्या मात्र कडक असल्यामुळे रेंगाळतात. टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले दट्टे, रोलरचे आहेत की सपाट बुडाचे? यावर पहिली वीस मिनिटं ठरतात. आणि हेडचे बोल्ट नंतर पुन्हा आवळायचे आहेत का? तुम्ही स्वतःच बांधलं असेल तर उत्तरं सुट्या भागांच्या खोक्यांत आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतात, खोकी लगेच फेकू नका.

तेल साधं मिनरल घ्या, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं. ‘फ्रिक्शन मॉडिफायर’ घातलेलं, घर्षण कमी करण्याची जाहिरात करणारं तेल आत्ता नको, कारण आत्ता थोडं घर्षणच हवं आहे. कारखान्यातून नव्या येणाऱ्या कित्येक गाड्यांत पहिल्या दिवसापासून सिंथेटिक असतं, हे खरं. पण त्यांचं होनिंग टोकं आधीच कापून केलेलं असतं. शिवाय आपण हे पहिलं तेल थोड्याच वेळात ओतून देणार आहोत, मग महागाचं कशाला?

आधीचं इंजिन बेअरिंग जाऊन बसलं असेल तर ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या नव्या टाका, निदान आतून-बाहेरून धुऊन घ्या. जुन्या बेअरिंगचा चुरा त्यातच दडलेला असतो आणि तो नव्या क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर) पहिल्याच दिवशी येऊन पडतो. टर्बो असेल तर इंटरकूलरही तपासा, त्यात साचलेलं जुनं तेल बाहेर काढा.

तेलाचा दाब आधी, ठिणगी नंतर

ही पायरी टाळू नका. फिल्टर उभा बसत असेल तर त्यात तेल भरूनच लावा. सगळे स्पार्क प्लग काढा, इग्निशन तोडा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, आणि सेल्फ मारा. प्लग नसल्यामुळे इंजिन हलकं फिरतं, बेअरिंगवर भार येत नाही. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ तापून जाईल. दाबाचा काटा हलेपर्यंत हे करायचं. डिझेलला फ्युएल तोडून आणि ग्लो प्लग काढून हेच करता येतं. टर्बोला तेलाच्या नळीतून आधी थोडं तेल पाजून ठेवा.

डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. तो अगदी थोड्या दाबालाही विझतो. एखाद्या दिवसापुरता का होईना, काट्याचा मेकॅनिकल गेज जोडून घ्या. चार-पाच वेळा सेल्फ मारूनही काटा जागचा हलला नाही तर ‘चालू झालं की येईल’ असं म्हणू नका. पंप कोरडा राहिला असेल, सम्पमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतल्या) नळीची ओ-रिंग चुकली असेल, किंवा जुन्या फिल्टरचं रबर तिथेच चिकटलेलं असेल आणि त्यावर नवा बसला असेल.

दाब आला की प्लग लावा, कूलंट भरा आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा. टाइमिंग जुळवलेलं असू द्या, कार्ब्युरेटर असेल तर त्याच्या वाटीत पेट्रोल भरून ठेवा. इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागलं पाहिजे. घुर्र-घुर्र करत पाच-पाच मिनिटं सेल्फ मारत बसलात तर पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल धुऊन काढतं. अग्निशामक हाताशी असू द्या, आणि दुसरा एक माणूस बोनेटपाशी.

पहिली वीस मिनिटं

टॅपेट सपाट बुडाचे आणि कॅम नवा असेल तर इंजिन लागताच रेस २००० ते २५०० च्या मध्ये न्या आणि वीस ते तीस मिनिटं तिथेच खाली-वर करत ठेवा. आयडलवर आणायचं नाही. या कॅमला तेल मिळतं ते बरंचसं क्रँकने उडवलेल्या तुषारांतून, आणि आयडलला ते तुषार पुरेसे उडत नाहीत. दुसरं म्हणजे टॅपेट आपल्या भोकात स्वतःभोवती फिरत राहायला हवा, म्हणजे तो एकाच जागी झिजत नाही. त्यासाठी कॅमच्या माथ्याला अगदी किंचित उतार असतो. सुरुवातीच्या मिनिटांत हे फिरणं जमलं नाही तर कॅमचा माथा गोल होतो आणि त्याचा चुरा सगळ्या इंजिनात पसरतो. अशा इंजिनाला जस्त आणि फॉस्फरसचं प्रमाण भरपूर असलेलं रन-इनचं तेलच लागतं, आजच्या गाड्यांच्या तेलात ते कमी असतं. डबल स्प्रिंगचं हेड असेल तर कित्येक जण एवढ्यापुरती आतली स्प्रिंग काढून ठेवतात.

मध्येच कुठे गळती दिसली, तापमान चढलं, तर आयडलवर आणून बघत बसू नका. सरळ बंद करा, दुरुस्त करा आणि उरलेली मिनिटं नंतर पुरी करा.

रोलर टॅपेटवाल्यांना, आणि ओव्हरहेड कॅमच्या बहुतेक इंजिनांना, हा सोपस्कार लागत नाही. कॅम बनवणाऱ्याने खोक्यावर वेगळं लिहिलं असेल तर मात्र त्याचं ऐका. नाहीतर चालू करा, १५०० च्या आसपास ठेवा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गळत्या बघा आणि रस्त्याला लागा. अंगणात उभं ठेवून जेवढा वेळ घालवाल तेवढं रिंगांचं नुकसान.

या वेळात डोळे दाबाच्या काट्यावर. गरम इंजिनाला दर १००० आरपीएममागे साधारण १० पीएसआय हा जुना ठोकताळा आहे, पण मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा. एग्झॉस्टवरून धूर येईल, जळका वास सुटेल. ते बहुतेक तुमच्याच तेलकट हाताचे ठसे आणि नवा रंग. सायलेन्सरमधून निळसर धूर पहिली काही मिनिटं येणारच, बांधताना लावलेलं तेल जळतंय. हायड्रॉलिक टॅपेटची टिकटिकही थोड्या वेळात जाते. खालून खोल ठोका ऐकू आला तर मात्र त्याच क्षणी किल्ली बंद. आणि तापमानाचा काटा चढतोय पण हीटरमधून गार हवा येतेय, असं झालं तर कूलंटमध्ये हवा अडकली आहे असं समजा. काटा ज्या सेन्सरवर चालतो त्याला पाणी लागलंच नाही तर तोही खोटं बोलतो, म्हणून वरचा होज हाताने चाचपून बघत राहा.

पहिला फेरा

गर्दी नसलेला रस्ता निवडा, चढ-उताराचा असेल तर उत्तम. इंजिन पूर्ण गरम झालं की तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ५० वरून सुरुवात करा. अर्धा ॲक्सिलरेटर दाबून ८० पर्यंत न्या, मग पाय पूर्ण उचला, गिअर तसाच ठेवा आणि गाडीला आपोआप ५० वर येऊ द्या. क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल करायचं नाही. असं तीन-चारदा झालं की पुढच्या वेळी पाऊण ॲक्सिलरेटर. एकूण दहा-बारा खेपा. पेट्रोल इंजिनाचा काटा साधारण ४००० च्या आत ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर गिअर हाताने खाली अडकवून ठेवा, नाहीतर ते आपल्या मर्जीने वरचा गिअर टाकतं. मागून कोणी येत नाही ना, हे आरशात बघत राहा, कारण ब्रेकचा दिवा न लागता तुमची गाडी हळू होते.

पाय उचलण्याला दाबण्याइतकंच महत्त्व आहे. दाबल्यावर रिंग भिंतीवर घासते. उचलल्यावर थ्रॉटल बंद होतो, सिलिंडरमध्ये निर्वात तयार होतो आणि खालून तेल रिंगांकडे ओढलं जातं. ते घासून निघालेला चुरा धुऊन नेतं, रिंगांना गारवा देतं.

डिझेलला हे जसंच्या तसं लागू नाही. बहुतेक डिझेलमध्ये तसा थ्रॉटल नसतो, म्हणून पाय उचलल्यावरचा तो ओढा मिळत नाही. तिथे भारच कामाचा. लांब चढ निवडा, मधल्या गिअरमध्ये दमदार चढवा, पण वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवू नका. डिझेलच्या रिंगा बसायला वेळही जास्त लागतो, तेव्हा शंभर किलोमीटरमध्ये निकाल मागू नका. टर्बो असेल तर पहिल्या फेऱ्यांत पूर्ण बूस्टपर्यंत जाऊ नका, आणि गाडी उभी केल्यावर मिनिटभर आयडल होऊ द्या. लाड करायची तेवढी एक जागा.

पहिलं तेल आणि कापलेला फिल्टर

या फेऱ्यानंतर तेल गरम असतानाच काढा, फिल्टरसकट. ‘फक्त ऐंशी किलोमीटर चाललंय’ म्हणून जीव कळवळतो, पण रिंगांचा सगळ्यात जास्त चुरा याच तेलात आहे. ते उन्हात धरलंत तर करड्या रंगाची झाक चमकताना दिसेल.

फिल्टर फेकायच्या आधी कापा. आरी चालवू नका, आरीचाच चुरा आत पडतो आणि तुम्ही उगाच घाबरता. फिल्टर कापायचं कटर मिळतं, ते पाइप कटरसारखं फिरवायचं. आतला कागद सोडवा, घड्या उलगडा, पांढऱ्या कागदावर दाबून तेल निथळू द्या आणि उजेडात एकेक घडी बघा. करड्या लेपासारखा चुरा आणि केसासारखे दोन-चार चमकते कण, हे अपेक्षितच आहे. चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारे खवले म्हणजे पोलाद किंवा बीड, शंका कॅम-टॅपेटवर घ्या. न चिकटणारे चंदेरी तुकडे पिस्टनचे असू शकतात. तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा मऊ थर जाऊन खालचा उघडा पडलाय, तिथे थांबा आणि सम्प उतरवा. सिलिकॉन सीलंटचे रबरी धागे सापडले तर तुम्ही गॅस्केटला जास्त लेप लावला होता. त्यातलेच काही सम्पमधल्या जाळीत अडकलेले असू शकतात, तेव्हा दाबावर लक्ष ठेवा.

दुसरं तेल ८०० ते १००० किलोमीटरला बदला, तेही मिनरल. तिसऱ्यापासून नेहमीचं वेळापत्रक. सिंथेटिक तेव्हाच, जेव्हा दोन बदल्यांच्या मध्ये डिपस्टिकवरची खूण हलायची थांबेल.

हजारपर्यंत

एकाच वेगाने लांबचा प्रवास नको. मोठ्या रस्त्यावर जायचंच असेल तर दर काही मिनिटांनी वेग बदला. रेडलाइनच्या (आरपीएमच्या काट्यावरच्या लाल रेघेच्या) दोन तृतीयांशापलीकडे जाऊ नका, गार इंजिनावर रेस मारू नका, ट्रेलर ओढू नका, तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये अडकाल अशी वेळ टाळा. रोज सकाळी तेल आणि पाणी बघा, आणि आकडे एका वहीत लिहून ठेवा. किती किलोमीटर, किती तेल वर ओतलं. ही वही पुढे फार उपयोगी पडते, कारण ‘तेल कमी होतंय बहुतेक’ यावर कुठलाही मिस्त्री काही ठरवू शकत नाही.

होजच्या क्लिपा, मॅनिफोल्डचे नट, माउंटिंगचे बोल्ट पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर एकदा तपासा. हेडचे बोल्ट मात्र मनाने आवळू नका. जुन्या धाटणीच्या गॅस्केटला पुन्हा आवळणं लागतं, पण आज अनेक इंजिनांत ताणून बसवायचे बोल्ट असतात. ते ठरलेल्या अंशांत एकदाच फिरवायचे असतात, दुसऱ्यांदा पाना लावलात तर तुटू शकतात. टॅपेट हाताने सेट करायचे असतील तर त्यांचं अंतर हजारच्या आसपास पुन्हा मोजा.

बसल्या की नाही?

तेलाचा खप घटत घटत जवळपास थांबला, प्लग कोरडे आणि फिकट तपकिरी निघाले, तर बसल्या. खात्रीसाठी इंजिन गरम असताना, सगळे प्लग काढून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन मोजा. सगळ्या सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांच्या आतला फरक चालतो.

दोन-तीन हजार किलोमीटरनंतरही तेल पीत असेल तर लगेच रिंगांना दोष देऊ नका. धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना, किंवा लांब उतार उतरून पुन्हा पाय दिल्यावर निळा भपका येत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. सील तर कित्येक इंजिनांत हेड न उतरवता बदलता येतात. चढावर जोर देताना धूर येत असेल तर रिंगा. अशा वेळी लांब चढावर आणखी दहा-बारा दमदार खेपा करून पाहायला हरकत नाही, कधीमधी जमतं. कार्ब्युरेटरमधून घासायची पावडर ओतण्याचा सल्ला देणारे भेटतात, त्यांना नमस्कार करा आणि निघा.

शेवटी लीक-डाउन टेस्ट. पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कान लावायचा. गाडी गिअरमध्ये घालून हँडब्रेक ओढा, नाहीतर हवेच्या जोराने क्रँक फिरतो. फुसफुस एअर फिल्टरच्या बाजूला आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एग्झॉस्टचा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. आणि तेल भरायच्या झाकणातून हवेचा झोत लागला तर रिंगा. माझ्या त्या पहिल्या इंजिनाला चारही सिलिंडरांत झाकणातूनच झोत आला होता, इतका की वर धरलेला फडक्याचा कोपरा फडफडत होता.